हप्ता महिन्याचा, चुकारा वर्षाचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी बँकेचा मेळावा झाला. बचत गटाच्या बायांना गाडी करून नेलं होतं. व्यासपीठावरच्या साहेबांनी सांगितलं की आता आपल्या भागात घरटी एक तरी बँक खातं आहे, आर्थिक समावेशनाचं काम जवळपास झालेलं आहे. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. पण परतताना काळी-पिवळीत बसल्यावर ते वाक्य काही केल्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

माझं जनधन खातं 2015 साली उघडलं. त्यात गॅसचं अनुदान आलं, घरकुलाचे हप्ते आले, गेल्या वर्षीपासून लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. पण या दहा वर्षांत त्या बँकेनं मला एक रुपयासुद्धा कर्ज दिलेलं नाही. मग मी कर्ज काढलंच नाही का? काढलं. तीन फायनान्स कंपन्यांकडून काढलं, कृषी केंद्रातून बियाणं-खत उधारीवर उचललं आणि एकदा गावातल्या सावकाराकडे गळ्यातली पोत गहाण ठेवली. माझ्यासारख्या अठरा बाया आमच्या केंद्रात, म्हणजे फायनान्सच्या कर्जगटांच्या बैठकीत, आहेत आणि मी त्यांची केंद्रप्रमुख आहे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी माझ्याच घरी सतरंजी टाकली जाते, वसुलीचे साहेब येतात आणि हप्ते गोळा होतात. म्हणजे जे सांगते आहे ते माझ्याच अंगणात घडलेलं आहे.

आधी माझ्या घरचं सांगते. सासऱ्यांच्या नावावर साडेसात एकर कोरडवाहू. तिघं भाऊ, वाटणी तोंडी झालेली, सातबारा अजून एकाच नावाचा. आमच्या वाट्याला अडीच एकर, शिवाय दोन एकर मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, करतो. सोसायटीचं जुनं कर्ज थकीत, त्यामुळे सासऱ्यांना नवं पीककर्ज मिळत नाही आणि आमच्या नावावर जमीनच नाही, त्यामुळे आम्हाला मिळायचा प्रश्नच येत नाही. सरकारच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शून्य टक्के व्याज लागतं. ही फार चांगली गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यासाठी आहे. आमच्या केंद्रातल्या अठराजणींपैकी दोघींच्याच नावावर वावर आहे. उरलेल्या सोळाजणी त्याच मातीत पेरतात, निंदतात, वेचतात, पण बँकेच्या कागदावर त्या कास्तकार नाहीत. मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलं आहे की पीककर्जासाठी सिबिल, म्हणजे जुनी कर्जं कशी फेडली त्याचा गुण, मागू नका. तो अडसर निघाला तरी सातबाऱ्याचा उरतोच. मक्त्या-बटईनं करणाऱ्यांना गट करून बँकेनं कर्ज द्यावं अशी नाबार्डची जुनी योजना आहे. आमच्या शाखेत मी ती विचारली तेव्हा समोरच्या माणसानं मला दोनदा नाव सांगायला लावलं.

2018 च्या जून महिन्यात मोटारसायकलवर एक पोरगा आमच्या ओट्यावर येऊन बसला. पंचविशीचा असेल. पाणी मागितलं, नाव-गाव विचारलं, म्हणाला, ताई, पाचजणींचा गट करा, मी कर्ज देतो. आधार कार्ड, पासबुक, लाइटबिल, घराचा फोटो, एवढंच. जमीन कोणाच्या नावावर आहे हे त्यानं विचारलंही नाही. आठ दिवसांत माझ्या खात्यात 25,000 रुपये आले. संपादक महोदय, त्या दिवशीचं मला आजही आठवतं. मृगाचा पाऊस पडून गेला होता, वखरणी झालेली होती आणि घरात बियाण्याला पैसा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या नावावर, माझ्या सहीवर पैसे दिले. मालक म्हणाले, "तुयी सही चालते वाटते आता." त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं. म्हणून हे पत्र वाचून कोणी असं समजू नये की या कंपन्यांना गावातून हाकलून लावा असं माझं म्हणणं आहे. त्या आल्या नसत्या तर त्या वर्षी आमचं वावर पडीक राहिलं असतं.

अडचण पुढं सुरू झाली.

गेल्या वर्षीच्या कर्जाचा हिशेब मांडते. मंजूर 45,000. चोवीस महिने, दर महिन्याला 2,380. साहेबांनी तोंडी सांगितलं की व्याज साडेतेरा टक्के पडतं. गुणाकार केला तर 57,120 भरायचे, म्हणजे व्याज 12,120, आणि ते सरळ 45,000 वर दोन वर्षांचं धरलं तर खरंच साडेतेरा टक्के येतं. पण माझा मुलगा यवतमाळला कॉमर्स शिकतो, त्यानं मला समजावलं. आई, तू दर महिन्याला मुद्दल फेडते आहेस, सहाव्या महिन्यात तुझ्याकडे 45,000 नाहीतच, मग व्याज पूर्ण रकमेवर का मोजायचं? घटत्या शिलकीवर मोजलं तर तो दर वर्षाला 24 टक्के होतो. त्यातही हातात 45,000 आले नव्हते. प्रक्रिया शुल्क, त्यावरचा जीएसटी आणि नवरा-बायको दोघांचा विमा असे 1,700 रुपये आधीच कापले, हातात 43,300 आले. ते धरलं तर दर 28 टक्क्यांच्या आसपास जातो. एवढं सगळं छापील कागदावर एका कोपऱ्यात असतं. त्याला 'फॅक्टशीट' म्हणतात आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असा नियम आहे. आम्हाला मिळालं ते मराठीत होतं, हे खरं. पण सह्या घेताना साहेबांचं बोट कागदाच्या खालच्या बाजूलाच असतं, वरचं वाचायला कोणी थांबत नाही.

तरीसुद्धा व्याज हे माझं पहिलं दुखणं नाही. शेकडा पाच रुपये महिना घेणाऱ्या सावकारापेक्षा 24 टक्के बरेच, हे गावातल्या अडाणी बाईलाही कळतं. माझं दुखणं तारखेचं आहे.

आमच्या घरात पैसा कधी येतो ते बघा. मे महिन्यात हातात काही नसतं. जूनमध्ये पैसा फक्त जातो. यंदा बीटी कपाशीचं एक पाकीट 901 रुपयांना, डीएपीची गोणी 1,350 ला. जुलैत निंदण, डवरणी, पहिली फवारणी. ऑगस्टमध्ये दुसरं निंदण, पुन्हा खत, पोरांच्या शाळेचं काही ना काही आणि पोळा. पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल नाही टाकली तर कास्तकाराच्या जिवाला लागते. सप्टेंबर सगळ्यात वाईट. पऱ्हाटी फुलावर, बोंडावर असते, हिरवंगार वावर पाहून लोक म्हणतात, यंदा बरं आहे, आणि त्याच वेळी घरातला डबा रिकामा असतो. दसऱ्याच्या पुढं ज्यांचं सोयाबीन आहे त्यांची सोंगणी, मळणी. आमचा कापूस दिवाळीच्या आगेमागे पहिल्या वेचणीला येतो आणि खरा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत मिळतो. त्यावरच पुढचं वर्ष काढायचं असतं.

आणि हप्ता? हप्ता बाराही महिने. जूनलाही तोच, सप्टेंबरलाही तोच.

माझ्याकडे गेल्या वर्षी तीन कंपन्यांची कर्जं होती. महिन्याचे हप्ते 2,380, 1,950 आणि 1,640, एकूण 5,970. आमच्याकडे निंदणाची मजुरी दिवसाला 250 आहे. म्हणजे केवळ हप्त्यासाठी महिन्यातले चोवीस दिवस दुसऱ्याच्या वावरात निंदायला जावं लागेल. आणि माझ्या स्वतःच्या वावरातलं तण? पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस कोणाच्याच वावरात काम नसतं, ते वेगळंच. मग बाई काय करते? दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरते. तिसरीचं काढून दुसरीचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर. तीन कर्जं मी हौसेनं काढलेली नाहीत. पहिलं पेरणीसाठी काढलं, उरलेली दोन्ही पहिल्याचे पावसाळी हप्ते भरण्यासाठी काढली. केंद्रातल्या प्रत्येकीची कहाणी थोड्याफार फरकानं हीच आहे. वरून बघणाऱ्याला वाटतं की बाया कर्ज काढून टीव्ही, फ्रीज घेतात. घेतले असतील कोणी. आमच्या अठराजणींत मी नाव घेऊन सांगू शकते की कोणाचं दुसरं कर्ज कोणत्या महिन्यात आणि कोणत्या हप्त्यासाठी आलं.

यात बाईचं किती जातं त्याचा एक हिशेब माझ्या घरचाच आहे. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर न्यायचा तर सासऱ्यांच्या नावानं नोंदणी, पीकपेरा, नंबर लागेपर्यंत मुक्काम, ओलावा बारा टक्क्यांच्या आत, आणि एवढं करून पैसा खात्यात यायला काही दिवस. माझ्या अंगणात 10 डिसेंबरला हप्ता होता. घरात नऊ क्विंटल कापूस भरलेला, कोरडा, पांढराशुभ्र. 8 तारखेला खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात आला आणि 6,800 नं घेऊन गेला. रोख दिले. क्विंटलमागे 721, नऊ क्विंटलचे 6,489 रुपये मी त्या एका तारखेपायी घालवले. हप्ता पंधरा दिवसांनी असता तर मी नंबर लावला असता. हे 6,489 रुपये कोणत्याही फॅक्टशीटवर लिहिलेले नसतात, कोणत्याही व्याजदरात मोजले जात नाहीत. पण ते माझ्याच घरातून गेले.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला जड जातं. गेल्या वर्षी 13 ऑगस्टच्या मंगळवारी आमच्या केंद्रातली एक बाई आली नाही. तिचा नवरा तापानं फणफणला होता, त्याला सरकारी दवाखान्यातून खासगीत न्यावं लागलं होतं. गटाची हमी एकमेकींवर असते. एकीनं नाही भरला तर बाकीच्यांनी भरायचा, नाहीतर कोणालाच पुढचं कर्ज नाही. साहेब म्हणाले, "हप्ता पूर्ण झाल्याशिवाय मी उठत नाही, मला वर उत्तर द्यावं लागतं." खोटं बोलत नव्हते. त्यांच्याही डोक्यावर टार्गेट आहे, त्यांचाही पगार कापतात. सतरा बाया माझ्या अंगणात बसून राहिल्या. कोणाचं लेकरू रडत होतं, कोणाच्या घरी चूल पेटायची होती. साडेआठ वाजले. शेवटी सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या, कारण प्रमुख मी. मी तिच्या घरी गेले. नवरा बाजेवर पडलेला, ती पायथ्याशी बसलेली. आणि मी तिला बोलले. "तुया एकटीपायी आमी साऱ्याजनी काहून बसून राहाव?" असं म्हणाले. ती काही बोलली नाही. उठली, गळ्यातली पोत काढली आणि मागच्या दारानं सावकाराकडे गेली. तिन्ही कंपन्यांचे त्या महिन्याचे हप्ते आणि दवाखाना मिळून 7,000 आणले. तिनं माझ्या हातात पैसे दिले तेव्हा तिच्या गळ्यात नुसता काळा दोरा होता. माझ्या त्या शब्दांची मला आजही लाज वाटते.

पोत जानेवारीत सुटली. शेकडा पाचनं पाच महिन्यांचं व्याज 1,750. सावकाराकडे पावती नाही, परवाना नाही. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे तारण ठेवून दिलेल्या कर्जाला शेतकऱ्याकडून वर्षाला 9 टक्के आणि इतरांकडून 15 टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. जास्तीचे 15 धरले तरी पाच महिन्यांचे 438 रुपये होत नाहीत. पण तक्रार कोण करणार? पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं.

बघा म्हणजे, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपनीचा हप्ता बेकायदा सावकाराच्या पैशातून भरला गेला. कंपनीच्या वहीत त्या दिवशी आमच्या केंद्राची वसुली शंभर टक्के लागली असेल. मेळाव्यातल्या साहेबांच्या आकड्यात ती बाई समावेशन झालेली बाई आहे. तिचं खातं आहे, कर्ज आहे, परतफेड वेळेवर आहे.

आम्हाला वाटायचं की या कंपन्यांना काही कायदाच नाही. सावकारांचे परवाने बघणाऱ्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात मी एकदा विचारलं, ते म्हणाले, ताई, हे आमच्या हातात नाही. ते बरोबरच सांगत होते. केरळ आणि गुजरातच्या कायद्यांवरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये निकाल दिला आहे की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. म्हणजे त्यांना रिझर्व्ह बँकेचाच नियम. तो नियम आमच्या 'उमेद'च्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, गावात गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंच्या मोबाइलवर मुलानं शोधून मला वाचून दाखवला. तो 14 मार्च 2022 चा आहे आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेलं कर्ज ते मायक्रोफायनान्सचं कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करून तगादा लावायचा नाही. नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, थकबाकीदाराचं नाव जाहीर करायचं नाही. वसुली ठरलेल्या जागी. तिथं कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच घरी जाता येतं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. ऐकताना मी मुलाला म्हटलं, परत वाच. कारण ती बाई त्या दिवशी पहिल्यांदाच चुकली होती.

निम्म्या उत्पन्नाचा नियम कसा मोडतो तेही सांगते. माझ्या तिसऱ्या कर्जाच्या अर्जावर महिन्याचं उत्पन्न 22,000 लिहिलेलं आहे. ते मी सांगितलेलं नाही. खर्च वजा जाता, आम्हा दोघांची मजुरी धरून आमच्या घरात वर्षाला सव्वा लाख येतात, म्हणजे महिन्याला साधारण 10,400. निम्मे 5,200. माझे हप्ते 5,970. खरा आकडा लिहिला असता तर तिसरं कर्ज मिळायलाच नको होतं. आकडा पाहून मी त्या वेळी गप्प राहिले, कारण मला सप्टेंबरचा हप्ता भरायचा होता.

पण त्या नियमात एक वाक्य असं आहे की ते ऐकून मी हातातलं निवडणं खाली ठेवलं. प्रत्येक कंपनीनं, प्रत्येक बँकेनं असं धोरण करायचं आहे की परतफेडीचा हप्ता किती दिवसांनी घ्यायचा हे कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठरवता येईल. आठवड्याचा हवा, महिन्याचा हवा, का आणखी कसा, हे कर्जदाराच्या सोयीनं. तीन वर्षं हा नियम आहे आणि आमच्या ओट्यावर बसून कोणत्याही साहेबानं आम्हाला कधी विचारलं नाही की बाई, तुला हप्ता कधी जमेल? मी एका कंपनीच्या शाखेत जाऊन हे विचारलं. मॅनेजर नीट बोलले, चहा दिला. म्हणाले, "ताई, सिस्टिममध्ये मंथलीशिवाय ऑप्शनच येत नाही."

कंपन्या म्हणतील की चार महिने हप्ता थांबवला तर बाया पुन्हा भरणारच नाहीत. त्याचं उत्तर आमच्या बचत गटाच्या पेटीत आहे. आमचा गट 'उमेद'चा आहे, दहाजणींचा, महिन्याला शंभर रुपये बचत. त्यातून अंतर्गत कर्ज देतो. 2021 साली आम्ही बैठकीत ठराव केला: जून ते सप्टेंबर फक्त व्याज भरायचं, मुद्दल डिसेंबर ते मार्चमध्ये. ठराव मांडला तेव्हा दोघीजणी घाबरल्या होत्या, पैसा बुडेल म्हणाल्या. चार हंगाम झाले. एका बाईचा एक हप्ता एप्रिलमध्ये गेला, बाकी सगळं मार्चअखेर जमा. व्याज येतं तेही आमच्याच पेटीत. गटाला बँकेचं कर्जही मिळतं, 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यानं. आम्हाला मिळालं तेव्हा ते दहाजणींत वाटून प्रत्येकी 20,000 आलं आणि त्या कामी शाखेत सात चकरा झाल्या. फाइल मार्चमध्ये दिली होती, पैसे सप्टेंबरमध्ये आले. पेरणी कोणी थांबवत नाही, संपादक महोदय. मार्चच्या फाइलचे पैसे मे महिन्यात आले असते तर आमच्यातल्या निम्म्याजणी फायनान्सकडे गेल्याच नसत्या.

यंदा आणखी एक नवी अडचण आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेनं चार कंपन्यांना जादा व्याजदरावरून नवं कर्जवाटप थांबवायला लावलं. ते योग्यच झालं. पुढं कंपन्यांच्या संघटनेनं स्वतःलाच बंधन घालून घेतलं की एका बाईला तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज द्यायचं नाही. तेही योग्यच. पण जुन्या हप्त्यांच्या तारखा तशाच राहिल्या आणि टोपी फिरवायची वाट मात्र बंद झाली. त्याचा परिणाम मी या जुलैत रोज पाहते आहे. मागच्या वर्षी ज्या बाया दुसऱ्या कंपनीकडे जात होत्या त्या यंदा अंधार पडल्यावर सावकाराच्या वाड्याकडे जाताना दिसतात. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले त्याच दिवशी हप्त्यात गेले, असं माझ्या केंद्रातल्या अकराजणींनी सांगितलं.

कोणी म्हणेल, बाईला कर्जमाफी हवी आहे. नाही. नोटाबंदीच्या वेळी आपल्या विदर्भात मायक्रोफायनान्सचं कर्ज माफ होणार अशी हवा उठली होती. माझी मोठी बहीण अमरावती जिल्ह्यात दिलेली आहे. तिच्या गावात पुढाऱ्यांनी मोर्चे काढले, बायांना हप्ते भरू नका सांगितलं. माफी झाली नाही. पुढारी दुसऱ्या विषयाकडे वळले आणि माझ्या बहिणीचं नाव सिबिलमध्ये आजही खराब आहे. पुढं पोरीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला कर्ज काढायला गेली तर बँकेनं तेच दाखवलं. आम्हाला घेतलेला पैसा फेडायचा आहे. कापूस विकून फेडायचा आहे, पोत ठेवून नाही.

माझे पणजोबा कर्जात होते. घरात अजून सांगतात की 1933 साली मध्यप्रांतात कर्जलवाद कायदा आला तेव्हा सावकार आणि कूळ समोरासमोर बसले आणि झेपतील असे हप्ते ठरले. त्या वेळी माणसाला विचारून हप्ता ठरवता येत होता, मग आता एवढे मोबाइल आणि संगणक असताना का ठरवता येऊ नये?

आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती आहे. जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा, एका चौकटीत, रिझर्व्ह बँकेचे हे नियम सोप्या मराठीत छापा. कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि 14448 या क्रमांकावर माहिती मिळते, हेही छापा. माझ्या अठराजणींपैकी एकीलाही ते माहीत नव्हतं. वर्तमानपत्रातलं कात्रण हातात असलं की शाखेत बोलताना बाईचा आवाज थोडा मोठा होतो. माझा झाला असता.

आम्ही एक अर्ज लिहिला आहे. मुलानं नियमाची तारीख घालून दिली, भाषा आमची आहे. आमचे पुढचे हप्ते जून ते सप्टेंबर व्याजापुरते ठेवावेत आणि मुद्दल डिसेंबर ते मार्चमध्ये घ्यावं, एवढंच मागितलं आहे. अठराजणींच्या सह्या झाल्या आहेत, त्यातले चार अंगठे आहेत. पहिली सही पोत ठेवणाऱ्या त्या बाईची आहे. तिनं ती करावी म्हणून मी तिच्या घरी गेले होते आणि गेल्या वर्षी बोलले त्याबद्दल हात जोडले. ती म्हणाली, "तू तरी काय करशीन बाई, तुया घरीबी तं तेच हाय." 12 ऑगस्टला, दुसऱ्या मंगळवारी, साहेब येतील तेव्हा आधी हा अर्ज त्यांच्या हातात देणार आहे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागणार आहे. पोच मिळाली किंवा नाही मिळाली, तरी आपल्याला कळवीन.

केंद्रातल्या बायांना त्रास होऊ नये म्हणून माझं आणि गावाचं नाव छापू नये, ही विनंती.

आपली नम्र,
एक केंद्रप्रमुख
ता. घाटंजी, जि. यवतमाळ
20 जुलै 2025